साक्षीदाराला दिसलं नाही

आमच्या घरात शांतता कधी नसायचीच, आणि असती तरी मी ती टिकू दिली नसती. मागच्या पडवीत, विहिरीशेजारी, अप्पांचं चाक फिरायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. कुंभकोणमच्या मोठ्या बाजारगल्लीत त्यांचं चष्म्यांचं एवढंसं दुकान होतं आणि काचांच्या कडा घासायचं काम ते सकाळी घरीच उरकत. ओल्या दगडी चाकाला काच टेकली की दातांत शिरणारा बारीक आवाज निघे. त्यात आईच्या रगड्याची घरघर, पलीकडच्या गल्लीत पितळी भांडी ठोकणाऱ्यांचा ठणठणाट, संध्याकाळी देवळातलं नादस्वरम, आणि या सगळ्याच्या वर माझी टकळी. मला गप्प राहता येत नसे आणि एका जागी बूडही टेकवत नसे. जेवताना मध्येच उठायची, अभ्यास फिरत फिरत करायची, कॉफीचा पेला घेऊन माडीवर जायची आणि रिकामा पेला तिथेच विसरून यायची. पायाला भिंगरी लागलेली मुलगी, हे शब्द मी पुढे पुण्यात ऐकले तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवलेले दिसतात. आई एवढंच विचारायची, "रुक्कु, तोंड दुखत नाहीं कां ग तुझें?"

आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून निघालेली आणि इथेच मुरलेली. उंबऱ्याच्या आत ती, आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा माझं 'आम्ही'चं 'हमी' आणि 'म्हणून'चं 'मणून' ऐकून जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. आता हे लिहिते आहे ते त्यांच्याच मराठीत. पण अप्पा बोलायला लागले की त्यांच्या तोंडी पुण्याची भाषा घालायला माझा हात धजत नाही.

दुकानात भिंतीवर अक्षरांचा फळा होता, वर एक मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. त्या फळ्यासमोर लोक खोटं बोलत. भली माणसं, ज्यांनी जन्मात कुणाला फसवलं नसेल, ती त्या खुर्चीत बसली की आधीच्या गिऱ्हाइकानं वाचलेली ओळ आठवून धडाधड म्हणून दाखवत. काहींना दिसत नाही म्हणायची लाज वाटे, काहींना वाटे की अप्पांना वाईट वाटेल. मग चुकीचा नंबर, डोकेदुखी आणि पुन्हा खेटे. अप्पांचा आवाज एरवी चढत नसे, तो इथे चढायचा. "दिसत नाहीं तें दिसत नाहीं मणा. त्यांत कसली लाज? मी काय परीक्षा घेतों कां?" हे ते तमिळमध्ये गिऱ्हाइकाला सांगत आणि घरी आल्यावर तेच मराठीत आम्हाला ऐकवत. मला ते इतकं पाठ झालं होतं की त्याचा अर्थ लागायचा बंद झाला होता.

मी अकरावीत असताना घरात दुर्बिणीचं वेड शिरलं, ते माझ्या हट्टानं. वाचनालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, दुर्बिणीचा आरसा घरच्या घरी कसा घासावा याचं. अप्पांनी ते दोन दिवसांत वाचून काढलं आणि मद्रासहून जाड काचेच्या दोन तबकड्या आणवल्या. वाळूनं भरलेल्या पिंपावर एक ठेवायची, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली कुरुंदाची पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचं. जगात मला जमण्यासारखं हे एकच काम असावं, कारण यात बसायचं नव्हतं. पावसाळाभर मी त्या पिंपाला फेऱ्या घातल्या. आई म्हणायची, "इतक्या प्रदक्षिणा तुळशीला घाट्लीस तर नवरा तरी बरा मेळेल." शेवटी आरसा चकचकीत करायला पुस्तकात कसलंसं परदेशी डांबर सांगितलं होतं, ते कुठून मिळणार? अप्पांनी स्वामिमलैच्या एका मूर्तिकाराकडून मेण आणि राळ कालवलेला गोळा आणला. ते लोक त्याचे आधी देव घडवतात आणि मग पंचधातूत ओततात. आमचा आरसा त्या देवांच्या मेणावर तयार झाला. बादल्या करणाऱ्यानं पत्र्याची नळी वळून दिली, आणि पहिल्याच दिवशी, दिवसाउजेडी, आम्ही ती देवळाच्या गोपुराकडे वळवली. गोपूर डोकं खाली करून लटकत होतं, कलश तळाशी. आई "अय्यो देवा" म्हणत मागे सरली आणि अप्पा पोट धरून हसले.

त्याच हिवाळ्यात मद्रासच्या एका विज्ञान मंडळाचं पत्रक शाळेत लागलं. स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलेल्या एका वस्तूचं चित्र पाठवायचं, खाली साक्षीदाराची सही, आणि निवडलेल्या मुलांना उन्हाळ्यात डोंगरावरच्या वेधशाळेत पंधरा दिवस राहायला मिळणार. मी तोवर एका बाजूला तंजावर आणि दुसऱ्या बाजूला आडुतुरै, याच्या पलीकडे गेले नव्हते. आईचं म्हणणं होतं की मुलीनं पुढे शिकायचं तर गावातल्याच कॉलेजात. अप्पांनी मध्ये पडून तोड काढली होती: निवड झाली तर रुक्कुला तिरुच्चीला पाठवायचं, भौतिकशास्त्र घ्यायला, वसतिगृहात. नाही झाली तर गावात. त्या दिवसापासून मला त्या घरात बसवेना, उभं राहवेना. आगगाडीची शिटी ऐकली तरी मी दाराशी जाऊन यायची.

देवयानीची दीर्घिका सगळेच पाठवणार, म्हणून मी तिच्या शेजारची, त्रिकोण तारकासमूहातली निवडली. पुस्तकातल्या फोटोत ती काय सुंदर होती! मधोमध तेज, दोन्ही बाजूंनी वळत गेलेले हात, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक ठळक ठिपका. फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही फार पसरट आणि फार फिकट असून लहान दुर्बिणीत बहुधा सापडत नाही. बारीक अक्षरं वाचण्याइतका धीर मला कुठला?

पोंगल झाला, उसाची चोयटी अंगणातून झाडून निघाली, तरी ती मला सापडली नव्हती. रोज दिवेलागण झाली की मी माडीवर. एका अंगाला शेजाऱ्यांची ट्यूबलाइट, दुसऱ्या अंगाला टॉकीजचे दिवे. मी सगळ्यांत जोरदार भिंग लावायची, कारण मोठं दिसायला हवं ना! दोन मिनिटं बघायची, नळी हलवायची, पुन्हा दोन मिनिटं, मग नळीला एक गुद्दा. जिन्याखालून आई ओरडायची, "पनि पडत्ये, डोक्यावर कांहीं घे." पनि म्हणजे दंव, आणि आमच्या गावात दंवाला लोक तापापेक्षा जास्त भितात. अशाच एका संध्याकाळी डोळ्यांना पाणी आलं, मान आखडली, आणि मी जिना धडाधडा उतरत ओरडत आले, "दिसली! अप्पा, दिसली! आई, काय चाक आहे ग तें!" उचलली जीभ लावली टाळ्याला. वरच्या पायरीवर असताना खोटं बोलायचं काही ठरलेलं नव्हतं. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ती मला दिसलेली होती. आईनं तुपातला केसरी, म्हणजे शिरा, केला, शेजारी वाटी गेली, आणि जेवणं झाल्यावर मी पुस्तक मांडीवर घेऊन चित्र काढलं, हातांसकट, ठिपक्यासकट. साठी उलटली तरी हे लिहिताना माझे कान गरम होतात.

चोराच्या मनात चांदणं. दोन दिवस मी अप्पांच्या नजरेला नजर दिली नाही आणि नेहमीच्या दुप्पट बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी चित्र आणि फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चित्र दाराच्या उजेडात धरलं, मग दुकानातलं भिंग आणून पाहिलं.

"चांगलें काढलीस," ते म्हणाले. "हा ठिपका वर आहे."

"होय."

"पुस्तकांत?"

"तेथें पण वरच."

"गोपुर उलटें दिसतें. मग हें कसें सुलटें?"

आकाशात वर आणि खाली इतकं सोपं नसतं, नळी कुठे वळवली आहे त्यावर ते ठरतं, हे मला आज नीट समजतं. तेव्हाही थोडंफार समजत होतं. पण मी ते सोडून बाकी सगळं बोलत सुटले. आरसा, दंव, छापखाना, पुस्तकवाल्यांनी फोटोच उलटा छापला असेल, एकात एक अडकलेली दहा कारणं. अप्पांनी ती सगळी ऐकून घेतली आणि फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. "साक्षीदार मी ना? मग मला पण दाव. अमावस्या येत्ये. इन्नंबूरला जाऊं, तेथें दिवे नाहींत." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

इन्नंबूरचे गोविंदसामि हे अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. भातशेती करणारे, पांढऱ्या मिशांचे, आणि अक्षरांच्या फळ्यासमोर खोटं बोलण्यात सगळ्यांत तरबेज. अमावस्येला सकाळी अप्पा कावेरीवर तर्पण करून आले. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे भात शिजत नाही, म्हणून आईनं केळीच्या पानात उप्पिट बांधून दिलं. दिवस कलताना आम्ही नळी बसच्या टपावर चढवली. कंडक्टरनं विचारलं, गटार कुठे बांधताय? अप्पांनी गंभीरपणे वर बोट दाखवलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी टपालात पडायला हवा होता, आणि सगळ्या वाटेवर माझे पाय बसच्या फळीवर ताल धरत होते. चित्र खोटं आहे हे आज उघडं पडणार, मग सही नाही, डोंगर नाही, तिरुच्ची नाही. बस खड्ड्यात बंद पडावी असंही मी देवाजवळ मागितलं.

गोविंदसामींच्या खळ्यावर नुकतीच मळणी संपलेली होती. पेंढ्याचा गोडसर वास, पायाखाली टोचणारी धसकटं. त्यांनी पंपाच्या खोलीतला दिवा मालवला आणि आकाश एकदम खाली आलं. मी दुर्बीण लावली, घाईघाईनं.

"कोणतें भिंग लावलीस?" अप्पांनी विचारलं.

"सगळ्यांत जोरदार."

"काढ तें. मोठें केलें कीं फिकट होतें. मूठभर उजेड, तो किती पसरशील? कमी नंबर लाव."

मी बदललं. देवयानीच्या मधल्या ताऱ्यावरून खाली अश्विनीच्या अंगाला सरकले. काळोख. थोडी इकडे, थोडी तिकडे, पाय बदलला, पुन्हा काळोख. "काय बघायचें ह्यांत? कांहीं नाहीं! मला नाहीं दिसत!" मी ओरडले, आणि ओरडून झाल्यावर कळलं की मी काय बोलून बसले. नऊ दिवसांपूर्वी जिन्यावरून ओरडत आलेल्या मुलीची कबुली होती ती.

अप्पा एवढंच म्हणाले, "बरें. आतां नीट बघूं." मग माझ्या मागे उभे राहून सांगू लागले. "सरळ तिच्याकडे बघूं नकोस. डोळ्याच्या मधें डाग पडलेले म्हातारे येतात कीं नाहीं दुकानांत, ते मान वळवून बाजूनें बघतात, तेव्हां त्यांस दिसतें. तूं कडेच्या ताऱ्याकडे बघ. हिला आपण होऊन येऊं दे."

मी कडेच्या ताऱ्याकडे बघत राहिले. गोविंदसामींनी बिडी विझवली. पेंढ्यात काहीतरी खुडबुडलं आणि थांबलं. आणि मग ती तिथे होती. चाक नव्हतं, हात नव्हते, ठिपका नव्हता. अप्पा काच पुसायच्या आधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडतात ना, तेवढाच एक ओलसर डाग, काळोखावर. तिच्याकडे बघितलं की ती नाहीशी व्हायची आणि नजर काढली की परत यायची. पुढचं मला सलग आठवत नाही. केव्हातरी अप्पांचा हात खांद्यावर पडला आणि मी बाजूला झाले.

ते वाकून फार वेळ बघत राहिले. सरळ बघितलं, बाजूनं बघितलं, चष्मा काढून आणि लावून. तीस वर्षं चाकावर नजर लावलेले डोळे ते. "नाहीं," ते उठत म्हणाले. "मला दिसत नाहीं." मग गोविंदसामि पुढे झाले, भिंगाच्या चार बोटं बाजूला डोळा लावला आणि मान डोलावत म्हणाले, "तेरियुदु, तेरियुदु," दिसतंय, दिसतंय. अप्पा इतके हसले की त्यांना पेंढ्यावर बसावं लागलं. बॅटरीवर तांबडा कागद गुंडाळून मी तिथेच चित्र काढलं, एक वर्तुळ आणि त्यात पेन्सिलची पूड बोटानं पुसून केलेला डाग. पहिलं बिघडलं, दुसरं बरं आलं. बिघडलेलं अप्पांनी आपल्या खिशात घातलं आणि आम्ही बस गाठली.

सकाळी त्यांनी फॉर्मला नवं चित्र जोडलं आणि साक्षीदाराची जागा भरली. इंग्रजीत, चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहीत त्याच सावकाश अक्षरात: मला दिसलं नाही. माझ्या मुलीला दिसलं. खाली सही.

"अप्पा, असें कोण लिहितें?" मी कडाडले. "साक्षीदार मणजे बघट्लेला!"

"मी बघट्लों नाहीं. मग कसें लिहूं?"

"तर गोविंदसामीची सही घ्या! ते दिसलें मण्टले!"

आईसुद्धा हसली. मी हसले नाही. "तुमांस दिसलें नाहीं, मग मला दिसलें हें तरी कशावरून लिहिलात?" अप्पांनी पाकिटाला खळ लावली, छत्री घेतली आणि टपालात टाकायला स्वतः गेले.

निवड झाली नाही. मंडळानं कारण कळवलं नव्हतं, पण मी ते ठरवून टाकलं होतं. सगळ्यांनी सुंदर चाकं पाठवली असणार आणि त्यांच्या बापांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या असणार. माझ्याकडे एक डाग आणि एक 'मला दिसलं नाही'. मी गावातल्या कॉलेजात गणित घेतलं. अप्पांशी कामापुरतं बोलू लागले, दुकानात पाऊल टाकायचं बंद केलं. आमच्या घरात खरी शांतता झाली ती त्या वर्षांत, आणि ती माझी सूड घ्यायची रीत होती. आज मला तिची शरम वाटते. लग्न झालं, पुणं आलं, पत्रांतून राग हळूहळू विरला, पण ते वाक्य मी विसरले नव्हते.

नव्वदीच्या दशकात अप्पांनी दुकान आवरायचं ठरवलं. घासायच्या काचा गेल्या होत्या, प्लॅस्टिकच्या आल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी मदतीला गेले. इतक्या वर्षांनी दुकानात शिरले, तर अक्षरांच्या फळ्याशेजारी, चष्म्याच्या जुन्या काचेमागे, एक कागद लावलेला. एक वर्तुळ आणि त्यात बोटानं फासलेला डाग. बिघडलेला.

मी विचारणार इतक्यात गोविंदसामि आले, शेवटचा चष्मा न्यायला. मिशा आता विरळ झाल्या होत्या. मी त्या कागदाकडे बघते आहे हे पाहून ते तमिळमध्ये तक्रार करू लागले. या कागदानं मला फार छळलं, अम्मा. इतकी वर्षं खुर्चीत बसलं की तुमचे अय्या आधी हाच दाखवतात, काय दिसतं विचारतात. मी म्हणायचो दिसतंय, फार छान आहे, की पुन्हा तोच प्रश्न. दिसत नाही, नुसता डाग आहे, असं म्हटल्याशिवाय फळ्याकडे वळवत नाहीत. सगळ्या गिऱ्हाइकांना हेच!

अप्पा दुसरीकडे बघत फडकं झटकत होते. "खरें बोलायला जीभ आधीं सैल करून घ्यावी लागत्ये," ते मला म्हणाले.

गोविंदसामि गेले. अप्पा स्टुलावर चढून फळ्याचा खिळा चाचपू लागले, कारण खिळा त्यांना आता दिसत नव्हता. मी तो जुना प्रश्न काढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा रागाशिवाय.

"अप्पा, इन्नंबूरला तुमांस दिसलें नोव्हतें. मग मला दिसलें हें कशावरून लिहिलात?"

"माडीवरून आल्तीस तेव्हां ओरडत आल्तीस," ते खिळा शोधता शोधता म्हणाले. "इन्नंबूरला गप्प झालीस. पाव तास. जन्मल्यापासून पहिल्यांदा."

मी बोलायला तोंड उघडलं, आणि मग पुढे होऊन फळ्याची दुसरी बाजू धरली.